परत येणार कशावरून?

बाईंच्या घरात भाड्याची खोली हवी असेल तर आधी खाली वाकून पायाचे अंगठे धरावे लागत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, म्हणून नांदेडहून बॅग घेऊन आले आणि कोणीतरी दिलेल्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवली. दार उघडलं ते एका उंच, काटक बाईंनी. सुती पातळ, कमरेला खोचलेला पदर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळेची शिट्टी. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं आणि भाडं विचारलं.

"भाड्याचं मागून. आधी वाक."

"अं?"

"वाक, वाक. गुडघे सरळ ठेवून अंगठे धर."

मी वाकले. हात नडगीच्या जरा खाली गेले अन् तिथंच अडकले.

"हं," त्या म्हणाल्या. "बारावीला मार्क लय असतील तुला."

"हो, चांगले होते."

"तरीच."

खोली मला मिळाली. ज्यांना अंगठे धरता येतात त्यांना बाई खोली देत नाहीत, हे पुढे कळलं. "त्यांचं काय बिघडलंय? त्यांना माझी काय गरज?" असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी सगळी नोकरी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात घालवली होती. लग्न केलं नव्हतं. गळ्यात मंगळसूत्राऐवजी शिट्टी कशी, असं कुणी कार्यात-बिर्यात खोचून विचारलंच तर म्हणायच्या, "ही वाजती तरी." त्यांना सगळं गाव 'बाई' म्हणायचं. भाजीवाली, पोस्टमन, शेजारचे वकील, सगळेच. निम्म्या गावाच्या आया, बहिणी, बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. एकदा त्यांच्यासोबत बाजारात गेले होते. समोरून एक चांगली जाडजूड, दागिन्यांनी मढलेली बाई येत होती. आमच्या बाई दिसताच तिने पोट आत घेतलं, ताठ झाली आणि तशीच श्वास धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

दिवसा बाई कधी खुर्चीवर बसत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, आलेल्या पाहुण्याशी गप्पाही उभ्यानेच. पाहुणा बिचारा अवघडून उठून उभा राहायचा अन् मग लवकर जायचा. कुणाला ताप आला, पोट दुखलं, मन लागेनासं झालं, सगळ्यावर त्यांचा एकच पहिला प्रश्न: "दम हाय का?" दम असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं, अशी त्यांची पक्की समजूत. पहाटे त्यांच्या अंगणात गल्लीतल्या आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुली कबड्डी शिकायला यायच्या. त्याची फी नव्हती. उशीर झाला तर मात्र कडुलिंबाच्या झाडाला दहा चकरा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा त्या आरडाओरड्याने उठले आणि खिडकीतून नाराजीनं डोकावले. बाईंनी मलाही चकरा मारायला लावल्या.

त्यांना जगात एकाच गोष्टीचा तिटकारा होता. हॉर्नचा. घर रस्त्याला लागून. मोटारसायकलवरची पोरं कारण नसताना हॉर्न दाबत जायची आणि बाई फाटकात उभ्या राहून उत्तरादाखल शिट्टी फुंकायच्या. हॉर्न लांबला की शिट्टी लांबायची. कधी कधी तर पोरं गाडी थांबवून खाली उतरायची, कारण घरी आईला कळलं असतं.

एका रविवारी सकाळी बाई पेपर घेऊन जिना चढून माझ्या खोलीत आल्या. बोटानं एक चित्र दाबून धरलं होतं.

"हे खरं हाय का, तुझ्या फोनात बघ बरं. इटलीत एक गाव हाय म्हणं, वेनिस. तिथं एकबी गाडी न्हाई."

मी बघून सांगितलं, "खरंय बाई. गावात गाड्या नाहीतच."

"मोटारसायकल?"

"नाही."

"सायकल तरी असंल."

"सायकलही चालवू देत नाहीत. सगळीकडे पाणी अन् पूल. लोक पायी जातात, नाहीतर नावेतून."

बाई माझ्या खुर्चीवर बसल्या. भर दिवसा. मला क्षणभर वाटलं त्यांना चक्कर आली.

"म्हणजे हॉर्नच न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग उठल्या. "जाऊ मग."

"कोण?"

"आमी सगळ्या."

सगळ्या म्हणजे कोण, ते त्यांनी आठवडाभरात ठरवून टाकलं. पहिली मंगल. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, कोपऱ्यावर तिची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे ती कुठंही मोठ्यानंच बोलायची. दुसऱ्या शांताबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. रविवारी विहारात जायच्या, इतर दिवशी बाईंबरोबर फिरायला. दिवसभरात दहा वाक्यं बोलल्या तर खूप. तिसऱ्या शेजारच्या कुलकर्णी काकू. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि आपल्याला काहीच पचत नाही, असा त्यांचा समज होता. आणि चौथी पेडगावची रुक्मिण. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. घरची शेती चांगली. बाजाराला परभणीत आली की बाईंच्या ओट्यावर टेकल्याशिवाय जायची नाही. तिला बाईंनी विचारलंच नाही, नुसतं सांगितलं: "रुक्मिणे, वेनिसला जायचंय." ती म्हणाली, "बरं," आणि मग विचारलं, "परळीकडं हाय का?"

आधी आम्ही रीतसर एका सहलवाल्याकडे गेलो. टाय लावलेल्या पोरानं आमच्यापुढं चकचकीत कागद पसरले. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग अजून काय काय.

"यात वेनिस कुठंय?" बाई उभ्यानेच म्हणाल्या.

"हे काय मॅडम. दुपारी उतरायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी बस निघणार. तीन तास दिलेत."

"तीन तासात तर आमच्या शाळेत बक्षीस समारंभ उरकत न्हाई. आमाला आठ दिवस तेच गाव पायजे. दुसरं कायबी नको."

"आठ दिवस? तिथं करणार काय मॅडम?"

"ऐकणार."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मग घरी येऊन सगळा कारभार माझ्या गळ्यात पडला. विमान, राहायची जागा, अर्ज, सगळं. मी तिकडे जाणार नव्हते, माझ्या कॉलेजात परीक्षा होत्या. पण व्हेनिसच्या गल्ल्यांचा नकाशा मला आजही परभणीपेक्षा जास्त पाठ आहे.

तयारीचं खातं मात्र बाईंनी स्वतःकडं ठेवलं. व्हेनिसात पावलोपावली पूल आहेत आणि बॅग आपलीच आपण उचलायची असते, एवढं मी सांगितलं आणि चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सगळ्या जणी रेल्वे स्टेशनच्या दादऱ्यावर, रुळांवरच्या पुलावर; रुक्मिण बाजाराला येई त्या दिवशी. प्रत्येकीच्या बॅगेत ज्वारी भरलेली. चढायचं, पलीकडे उतरायचं, श्वास मोजायचा, परत फिरायचं. शांताबाईंचा गुडघा दुखायचा. त्या मध्येच थांबायच्या, तर बाई सगळ्यांना थांबवायच्या. "दम घ्या शांताबाई. घाई न्हाई. पूल कुठं जायलाय पळून?" शांताबाई वर पोचेपर्यंत बाकीच्या तिघी कठड्याला टेकून गाड्या बघायच्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका पोलिसानं हटकलं. बाया रोज बॅगा घेऊन येतात, गाडीत मात्र बसत नाहीत. "कुठं चाललात मावशी?"

"वेनिसला," मंगल गिरणीच्या आवाजात म्हणाली. अख्ख्या फलाटानं वळून बघितलं.

पोलिसानं बॅग उघडायला लावली. ज्वारी. दुसरी उघडली. ज्वारी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तिथं ज्वारी भेटत न्हाई का?"

मग खाण्याची तालीम. तिकडचं जेवण बिनतिखटाचं असतं, म्हणून दर गुरुवारी बाईंच्या घरी सगळ्यांना उकडलेल्या शेवया. गूळ नाही, दूध नाही, वरून टोमॅटोचा रस्सा आणि एक चीजची वडी किसून. कुलकर्णी काकूंनी पहिल्या घासाला डोळे मिटले. आम्हाला वाटलं आता या उठून जाणार. त्यांनी डोळे उघडले आणि ताट पुढं करून म्हणाल्या, "अजून आहे का हो?" मंगल मात्र पदराखाली ठेच्याची डबी घेऊन यायची आणि बाई तिला पकडायच्या. एका गुरुवारी तिनं डबी पकडली जाऊ नये म्हणून माझ्या हातात दिली. मी पकडले गेले. त्यानंतर मलाही त्या शेवया खाव्या लागल्या, जायचं नसूनही.

सगळ्यात अवघड काम होतं रुक्मिणच्या नवऱ्याचं. तो नाही म्हणाला होता. बाईंनी मला सोबत घेतलं आणि आम्ही पेडगावला गेलो. अंगणात बाज टाकलेली, बाजूला हळदीची पोती. नवरा, सगळे त्याला भाऊ म्हणत, चांगला माणूस होता, पाणी दिलं, चहा सांगितला, बसा म्हणाला. बाई उभ्याच.

"बाई, तुमी म्हणता ते खरं हाय," तो म्हणाला, "पण एवढं लांब जाऊन बघायचं काय? पाणीच न? ते आपल्या येलदरीच्या धरणात बी हाय. नेतो मी तिला."

"कधी नेलं होतं?"

"न्हाई, नेलं न्हाई अजून. पण नेईन की."

"कुठं कुठं नेलंय हिला आजवर?"

"तुळजापूरला गेलतो. लग्न झाल्यावर." त्यानं आठवून बघितलं. "अन् दवाखान्यात, नांदेडला."

बाई म्हणाल्या, "लग्नाच्या आधी ही माझ्यासंगं बीडला आलती. कबड्डीच्या मॅचला. ते म्हाईत हाय का तुमाला?"

"कबड्डी?"

"समोर चार जणी उभ्या होत्या, अन् ही एकटी चढाईला गेली. चौघींना शिवून आली. मैदानावरल्या बाया उभ्या राहून टाळ्या वाजवायल्या होत्या. ढाल आमच्या शाळेत हाय अजून."

भाऊनं बायकोकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदर तोंडावर धरून हसायलेली. मी रुक्मिणला फार दिवस ओळखत नव्हते, पण त्या क्षणी तिचा चेहरा मुलीचा दिसला.

"खरं का गं?"

"हौ."

"मला कामून सांगितलं न्हाई मग?"

"तुमी इचारलंच न्हाई."

चहा आला तो भाऊच्या हातात तसाच निवला. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "पासपोर्टला काय काय लागतंय, मॅडम?"

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माणसं वाईट नसतेत गं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं."

रुक्मिणला पाण्याची भीती वाटते हे त्यानंतर कळलं, म्हणून गंगाखेडला जाऊन गोदावरीत नावेची तालीम झाली. रुक्मिण नावेत डोळे घट्ट मिटून बसली, दोन्ही हातांनी बाईंचं मनगट धरून. बाईंनी तिला काहीच सांगितलं नाही, शिट्टीही वाजवली नाही. पात्राच्या मधोमध आल्यावर नावाड्यानं वल्हं थांबवलं. नाव हळूच डुलली. रुक्मिणनं एक डोळा उघडला, मग दुसरा. मग एक हात सोडून तिनं बोटं पाण्यात घातली. तिकडच्या काठावर उतरल्यावर बाईंच्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले होते. बाई ते दिवसभर सगळ्यांना दाखवत होत्या, बक्षीस मिळाल्यासारखे.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला सगळ्या मिळून मुंबईला जाऊन आल्या. मग वाट बघणं सुरू झालं. लिफाफे एका दुपारी आले, सगळे एकदमच. मी ओट्यावर बसून एक एक उघडत गेले. मंगलचा व्हिसा आला होता. शांताबाईंचा आला होता. कुलकर्णी काकूंचा, रुक्मिणचा. शेवटचा लिफाफा बाईंचा. त्यात पासपोर्ट होता, पण पानावर काही चिकटवलेलं नव्हतं. सोबत एक छापील कागद होता आणि त्यावर एका ओळीपुढं खूण केलेली होती.

"काय म्हणायलेत?" बाईंनी विचारलं.

मी ती ओळ दोनदा वाचली. "बाई, ते म्हणतात... मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल, याची त्यांना खात्री वाटत नाही."

"परत म्हणजे कुठं?"

"इथं. परभणीला."

बाई आधी हसल्या. अगदी मनापासून, खांबाला हात टेकवून. "म्हणजे मी तिथंच राहीन म्हणून? मी?" मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना इंग्रजी येत होतं, हळू वाचायच्या. वाचून झाल्यावर त्यांनी तो नीट घडी करून मला परत दिला.

"लेकरंबाळं न्हाईत म्हणून, असंच न?"

कारण बहुधा तेच होतं. या वयाची, नवरा नाही, मूल नाही, नोकरी संपलेली. त्यांच्या हिशेबात अशा बाईला परत ओढून आणणारं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी घरासमोरून कितीतरी हॉर्न वाजत गेले. शिट्टी एकदाही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र बाई पहिल्यासारख्या. चौघींना अंगणात बोलावलं, रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तुमी चौघी जायलात. ठरलेल्या तारखेला. मंगल कॅप्टन. शांताबाई औषधपाणी बघतील. मी इथून फोनवर असते."

कोणी हललं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. तेव्हा शांताबाई रांगेतून बाहेर आल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या. त्यांच्यामागोमाग रुक्मिण बसली. मग कुलकर्णी काकू, मग मंगल.

"उठा," बाई म्हणाल्या.

"न्हाई उठत," शांताबाई म्हणाल्या. "मला दादरा चढवत नव्हता तवा तुमी थांबल्या. रोज थांबल्या. आता आमी थांबतो."

"अवो, पण तुमचे व्हिसे वाया जातील! तारीख निघून गेली की त्यांचा काय उपयोग?"

"जाऊ द्या वाया."

"एवढी मेहनत केली सगळ्यांनी..."

"मेहनत कुठं जायलीय?" मंगल म्हणाली. "ज्वारी उचलून दंड बघा कसे झालेत माझे."

बाईंनी ओठाला शिट्टी लावली. वाजवायची असावी. पण तोंडातून वाराच निघेना. त्या तशाच वळल्या आणि घरात गेल्या. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

चौघींनी खरंच मिळालेले व्हिसे सोडून दिले. विमानाची तिकिटं दसऱ्यानंतरची करून घेतली आणि सगळ्यांचे अर्ज पुन्हा भरायचं ठरलं. आता बाईंच्या अर्जाला जोडायला मला कारण हवं होतं. परत येण्याचं कारण. मी वही-पेन घेऊन त्यांच्यापुढं बसले. त्या उभ्या.

"बाई, सांगा. इथं तुमचं काय काय आहे?"

"घर हाय."

"ते मागच्या वेळी लिहिलं होतं. अजून?"

"पेन्शन हाय."

"तेही लिहिलं होतं."

त्या विचार करत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. "मग लिही, अजून कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "जे न्हाई ते कशाला लिहायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे मुली आल्या आणि नेहमीप्रमाणे माझी झोप मोडली. खिडकीतून बघितलं तर अंगण भरलेलं. बाई एकीचा पाय धरून तिला पवित्रा शिकवत होत्या, दुसरीवर ओरडत होत्या, तिसरीची वेणी करकचून बांधत होत्या कारण ती खेळताना सुटायची. दिवाळीनंतर या मुलींचे सामने होते. मला माझाच राग आला. एवढे दिवस रोज या गोंगाटाने उठत होते आणि काल कारण शोधत बसले होते.

मी तसंच लिहिलं. साध्या इंग्रजीत: या बाई रोज सकाळी मुलींना विनामूल्य खेळ शिकवतात, दिवाळीनंतर त्यांचे सामने आहेत, त्या परत आल्या नाहीत तर संघाला प्रशिक्षक नाही. खाली मुलींनी सह्या केल्या. अंगणातला फोटो लावला. शाळेनं एक पत्र दिलं. आणि मग पेडगावहून रुक्मिणचा नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला कागद.

"हे जोडा मॅडम."

"काय आहे हे?"

"माझा सातबारा. लिहा त्यांना, बाई परत न्हाई आल्या तर माझी जमीन घ्या म्हणावं."

"भाऊ, असं नसतं हो. त्यांना तुमच्या जमिनीचं काय?"

"तुमी जोडा तर. जमीन कशी, जामीन कोण, हे कोणत्याबी साहेबाला कळतंय. साहेब कुठलाबी असू द्या."

मी पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. आत बाई सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या, त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "ओलिताची का कोरडवाहू?"

"ओलिताची, बाई."

"जोड गं."

मी सातबारा जोडला. इंग्रजी भाषांतरासकट.

या खेपेला पाचही व्हिसे आले. कचेरीनं कोणत्या कागदावर विश्वास ठेवला हे कळायला मार्ग नाही. भाऊ आजही पारावर सांगतो की काम सातबाऱ्यानं केलं. माझं मत मुलींच्या सह्यांचं आहे. कुलकर्णी काकू म्हणतात, त्यांनी गुरुवार धरला होता. शेवयांचा.

त्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर कबड्डीच्या सगळ्या मुली होत्या, गिरणीची गिऱ्हाइकं होती आणि पेडगावहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. भाऊनं बायकोची बॅग उचलायला हात घातला तर ती म्हणाली, "राहू द्या, मला सवय हाय," आणि झरझर दादरा चढून गेली. तो खाली उभा राहून बघत राहिला.

तिकडचं मला चौघींकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. पहिल्याच पुलावर बाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि "ऐका" म्हणाल्या. सगळ्या कान देऊन उभ्या राहिल्या. पाणी दगडावर आपटत होतं, कुठंतरी कुणी ताटं मांडत होतं, एक म्हातारी खिडकीतून दुसरीशी बोलत होती. एवढंच. बाईंचे डोळे भरून आले, असं शांताबाई म्हणतात. धूळ गेली होती, असं बाई म्हणतात. तेवढ्यात वळणावरून एक मोठी नाव आली आणि तिनं भोंगा वाजवला. बाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला. त्यांनी अशी शिट्टी फुंकली की नाव चालवणारा दचकला आणि त्यानं टोपी काढून सलाम केला. कुलकर्णी काकूंना सगळं पचलं, इतकं पचलं की त्या रोज नवीन काहीतरी मागवायच्या. रुक्मिण नावेत सगळ्यात पुढं बसायची. मंगलचा आवाज त्या शांत गल्ल्यांत एवढा घुमायचा की एकमेकींची चुकामूक झाली तरी कुणी हरवलं नाही.

सगळ्या ठरल्या दिवशी परत आल्या. दुसऱ्या पहाटे अंगणात आरडाओरडा. मी उठले, खाली गेले. मुली खेळत होत्या आणि बाई लिंबाखाली उभ्या होत्या, चहाचा कप हातात.

"कसं होतं बाई व्हेनिस?"

"गाव लय चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग एका मुलीला ओरडून पाय मागं घ्यायला सांगितलं. "पण पोरींनी खेळायचं कुठं? जिकडं बघावं तिकडं पाणी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एक सांगू का तुला? एकदा वाटलं होतं, राहावं इथंच."

मला आधी गंमत वाटली. पण त्या गंमत करत नव्हत्या.

"एका सकाळी एकटीच फिरायला गेलते. ह्या झोपल्या होत्या. एका पुलाच्या पायरीवर बसले. बसले बघ, दिवसा. लोक येत होते, जात होते. कोणीच मला वळखत नव्हतं. कोणी बाई म्हणलं न्हाई, कोणी पोट आत घेतलं न्हाई. एक जण तर माझ्या पायाला पाय लागला तरी तसाच गेला. इतकं हलकं वाटलं गं. जलमात पहिल्यांदा. म्हणलं, राहिलं तर काय होईल?"

"मग?"

"मग गुडघे दुखायले. उठावंच लागलं. उठले की चालायचं, ती सवय. चालत चालत आले ह्यांच्याकडं."

अंगणात एक मुलगी धरली गेली होती, चार जणी तिच्यावर पडल्या होत्या आणि तिचा हात मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर होता. बाईंनी कप माझ्या हातात दिला आणि दोन पावलं पुढं गेल्या. मग काहीतरी आठवल्यासारख्या मागं वळल्या, इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"हे त्या कचेरीवाल्यांना कळू देऊ नको हं. पुढल्या बारीला अडचण व्हायची."